तुम्ही विचारलंत म्हणून: पैसा आला, मग माणूस कुठे गेला?

"ताई, कोरोनात इतका पैसा आला म्हणते, मंग आपल्या दवाखान्यात डॉक्टर काऊन नाही?" लग्नात, एसटीत, बाजारात, भेटेल तो मला हेच विचारतो. अमरावती जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी परिचारिका आहे, तेव्हा सांगते.

पैसा आला, हे खरंच. फेब्रुवारी २०२१ मध्ये आपल्याकडे दुसरी लाट उसळली, तेव्हा ऑक्सिजनच्या जम्बो सिलिंडरची गाडी येईपर्यंत जीव टांगणीला लागायचा. नातेवाईक विचारत, अमरावतीच्या इर्विनला, म्हणजे जिल्हा रुग्णालयात न्यायचं, की नागपूरच्या सरकारी मेडिकलला? पुढे हवेतून ऑक्सिजन काढणारा प्लांट आला, खाटांमागे पाइपलाइन आली. आज दम्याचा म्हातारा रात्री दोनला आला तरी त्याला लगेच ऑक्सिजन लागतो. हे साथीनं दिलं, आणि मी ते कमी लेखणार नाही.

पण तो प्लांट हवेतला नायट्रोजन झिओलाइट नावाच्या सच्छिद्र खड्यांमध्ये अडकवून ऑक्सिजन वेगळा करतो. त्याला सलग वीज हवी, वेळेवर फिल्टर हवेत, दाब आणि शुद्धता रोज बघणारा माणूस हवा. आमच्याकडे ते काम बघणारा पोरगा कंत्राटी होता. लाट ओसरली, त्याची ऑर्डर संपली. लॅबवाली गेली, कोविडसाठी घेतलेल्या नर्सही गेल्या. प्लांट बंद पडला की आम्ही पुन्हा सिलिंडर ओढतो.

असं होतं, कारण साथीचा निधी एकदाच येतो आणि त्यातून वस्तू घेता येते. कायम पद म्हणजे वर्षानुवर्षांचा पगार, तिथे फाइल अडते. ऑपरेशन थिएटर आहे, भूलतज्ज्ञ नाही; म्हणून सिझरची बाई कळा देत अ‍ॅम्ब्युलन्समध्ये चढते. माझ्या मते सुधारणा झाली की नाही, हे त्या बाईवरून ठरवावं.

आशाताईंचं तर मला फार लागतं. ऑक्सिमीटर घेऊन त्या दारोदार फिरल्या, लोकांच्या शिव्या खाल्ल्या. जून २०२१ मध्ये, साथ चालू असताना, मानधनासाठी त्यांना राज्यभर संप करावा लागला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देशभरातल्या आशांचा गौरव केला. कायम नोकरी मात्र मिळाली नाही.

आता तुम्हीच एक करा. मंजूर पदं किती, भरलेली किती, हे दवाखान्याच्या कारभारावर लक्ष ठेवणाऱ्या रुग्ण कल्याण समितीच्या सदस्यांना विचारा. टाळाटाळ झाली तर माहिती अधिकारात अर्ज टाका. अर्ज लिहायला मी बसते तुमच्यासोबत.