स्लेयर अर्धवट सोडून कुणासाठी जाल?

मोठ्या मेटल फेस्टिव्हलला गेल्यावर नेमकं काय ऐकायचं हे ठरवणं हे वेगळंच काम असतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत वाकेन ओपन एअरला मी ते कसं पार पाडलं, ते लिहितेय. तिकीट, तंबू, गमबूट यांवर भरपूर माहिती मिळते. दीडशेहून जास्त बँडच्या यादीतून आपली वाट कशी काढायची, यावर मला काहीच सापडलं नव्हतं.

आधी जागेबद्दल थोडक्यात. वाकेन हे श्लेसविग-होलस्टाइनमधलं सुमारे दोन हजार वस्तीचं शेतकरी गाव. थॉमस येन्सन आणि होल्गर ह्यूब्नर यांनी 1990 मध्ये इथल्या एका खाणीच्या खड्ड्यात मूठभर बँड जमवले आणि 800 च्या आसपास लोक आले. मी गेले त्या वर्षी 75,000 होते. हॅम्बुर्गहून रेल्वेने इत्सेहो, तिथून शटल बस, मग मनगटाला कापडी पट्टा बांधून घ्यायचा. हा पट्टा शेवटपर्यंत काढायचा नाही. गावातून चालत जाताना म्हाताऱ्या बायका अंगणात खुर्च्या टाकून बसलेल्या दिसतात आणि काळे टी-शर्ट घातलेल्या लोकांना हात करतात. गावच्या अग्निशमन दलाचा ब्रास बँड इथे दरवर्षी वाजवतो आणि त्याच्यासमोरही हेडबँगिंग, म्हणजे ठेक्यावर जोरजोरात डोकं हलवणं, होतं. मला ते फार आवडलं.

आता यादीकडे. फास्टर आणि हार्डर ही दोन मुख्य स्टेज शेजारी शेजारी असतात. एकावर बँड वाजत असतो तेव्हा दुसऱ्यावर पुढच्याची मांडामांड चालते, त्यामुळे त्या दोघांत टक्कर होत नाही. टक्कर होते ती बाकीच्या स्टेजशी. लाउडर आहे, सर्कशीच्या भल्यामोठ्या तंबूतली दोन आहेत, शिवाय लहान स्टेज वेगळी. नावाजलेला बँड इकडे आणि कधीच न ऐकलेला तिकडे, एकाच वेळी. हातात छापील वेळापत्रक असून काही उलगडत नाही, कारण कागदावर सगळी नावं सारखीच दिसतात.

तंबूच्या शेजाऱ्यांना विचारणं हा सरळ उपाय होता. पण ‘चांगला बँड कुठला?’ असं मेटलवाल्याला विचारलं की तो पंचवीस नावं सांगतो आणि प्रत्येक नाव तितक्याच पोटतिडकीने सांगतो. प्रेम खरं असतं, निवड मात्र होत नाही. मग मी प्रश्न बदलला. त्या वर्षी शुक्रवारी स्लेयर होते. 1981 मध्ये सुरू झालेला अमेरिकेचा बँड, थ्रॅश म्हणजे वेगवान, आक्रमक मेटलमधला, निरोपाच्या दौऱ्यावर. सगळ्यांना वाटत होतं की हे शेवटचं दर्शन. म्हणून मी विचारायला लागले, ‘स्लेयर अर्धवट सोडून तुम्ही कुणासाठी जाल?’

या प्रश्नावर लोक गप्प होतात, विचार करतात, आणि मग एकच नाव सांगतात. ज्या नावासाठी माणूस काहीतरी गमवायला तयार आहे, ते नाव मी वहीत लिहीत गेले.

आमच्या तंबूच्या पलीकडे साठीच्या घरातले एक जर्मन गृहस्थ होते. रूर खोऱ्यातले, जिथे कोळशाच्या खाणी होत्या आणि जिथून क्रिएटर आणि सोडम हे थ्रॅशचे दोन खांब आले. सोडमचा टॉम एंजेलरिपर स्वतः खाणीत कामाला होता. मला वाटलं, ते सोडमचंच नाव घेतील. ते म्हणाले, ‘बोल्ट थ्रोअर. पण ते आता नाहीत.’ इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीचा हा डेथ मेटल बँड, म्हणजे जड गिटार आणि घशातून गुरगुरत गायलेली गाणी. 2005 मधल्या अल्बमपेक्षा सरस काही जमत नाही असं वाटल्यावर त्यांनी नवा अल्बम काढलाच नाही. ड्रमर मार्टिन कर्न्स 14 सप्टेंबर 2015 ला गेला आणि बरोबर वर्षाने, त्याच तारखेला, त्यांनी बँड बंद केल्याचं जाहीर केलं. दुसरा ड्रमर घेऊन दौरे करता आले असते. केले नाहीत. हे सांगताना त्या गृहस्थांचा आवाज जड झाला होता. मी रात्री तंबूत हेडफोन लावून ऐकलं. वेग मध्यम, पण रिफ (गिटारवर पुन्हा पुन्हा येणारी छोटी धून) असा की छातीवर वजन ठेवल्यासारखं वाटतं आणि ते हळूहळू पुढे सरकत राहतं. ज्यांना डेथ मेटल म्हणजे नुसता वेग वाटतो, त्यांनी इथून सुरुवात करावी.

एका फिनिश मुलीने बेल विच सांगितलं. सिएटलचे दोघेच जण, बास आणि ड्रम, गिटार नाहीच. त्यांच्या 2017 च्या अल्बममध्ये एकच गाणं आहे, 83 मिनिटांचं. तो तयार होत असताना त्यांचा आधीचा ड्रमर एड्रियन गेरा वारला होता. त्याच्या गळ्याचं जुनं रेकॉर्डिंग त्या गाण्याच्या मध्यभागी येतं. हे फेस्टिव्हलमध्ये उभ्याने ऐकायचं संगीत नाही, घरी दिवा मालवून ऐकायचं आहे, असं तीच म्हणाली. डूम मेटलचा हा संथपणा थेट ब्लॅक सबाथ या जुन्या इंग्लिश बँडपर्यंत जातो. त्यांचा गिटारवादक टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं कारखान्यातल्या यंत्रात तुटली होती. डावखुरा असल्यामुळे तारा दाबायचा हात नेमका तोच. तारा सैल ठेवल्या की बोटांना त्रास कमी, आणि तारा सैल झाल्या की सूर खाली उतरतो. आज आपण ज्याला जडपणा म्हणतो त्याचं एक मूळ त्या दुखऱ्या बोटांत आहे.

दोन पोरांनी एलियन वेपनरी सांगितलं. न्यूझीलंडचा बँड, थ्रॅशच्या अंगाने जाणारं संगीत आणि बरीचशी गाणी तिथल्या मूळ रहिवाशांच्या माओरी भाषेत. 1864 च्या गेट पा लढाईवर त्यांचं गाणं आहे. आपल्या पूर्वजांची लढाई आपल्याच भाषेत, गिटारला खरखरीत डिस्टॉर्शन लावून. शब्द कळत नाहीत, पण हाका या माओरी युद्धनृत्याची लय कळते.

वहीबरोबरच दुसरी एक गोष्ट कामी आली, ती म्हणजे कानातले फिल्टर. फोमचे बोळे नव्हेत, वरच्या-खालच्या सगळ्या सुरांचा आवाज साधारण सारखा कमी करणारे. 85 डेसिबलला आठ तास हा सुरक्षित हिशेब मानला तर दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे 100 डेसिबलला जेमतेम 15 मिनिटं उरतात. आपण तर दिवसभर उभे. कान वाचतात हे आहेच, पण फिल्टर लावल्यावर ग्रोल, म्हणजे ते गुरगुरतं गाणं, जास्त स्पष्ट ऐकू येतो, शब्द सुटे होतात, हे मला तिथे कळलं. आणि उभं राहायचं ते साउंड मिक्सिंगच्या मनोऱ्याच्या आसपास. इंजिनिअर जे ऐकून आवाज जुळवतो तेच तिथे आपल्या कानावर पडतं. बॅरिकेडपाशी बँड दिसतो, पण बासचा नुसता गडगडाट होतो. नव्या बँडला पहिल्यांदा ऐकताना मी मागेच थांबायचे. आवडला तर पुढे.

ब्लडीवुडला मात्र मी आधीच पुढे जाऊन उभी राहिले. दिल्लीचा बँड, त्यांचा तो पहिलाच दौरा आणि त्यात थेट वाकेन. ढोल सुरू झाला आणि ज्यांनी आयुष्यात ढोल ऐकला नसेल असे लोक पहिल्या ठेक्याला उडायला लागले. ढोल आणि डबल बास ड्रम एकमेकांत इतके सहज बसतात की हे आधी कुणी इतक्या जोरात का केलं नाही असं वाटलं. माझ्या शेजारच्या स्पॅनिश बाईने माझ्याकडे बघून हाताने विचारलं, तुमचे? मी मान डोलावून हो म्हटलं. घसा भरून आला होता.

शुक्रवारी वादळ आलं. विजांमुळे मैदान रिकामं करायला सांगितलं, लोक गाड्यांमध्ये आणि आडोशाला गेले. कुणी धक्काबुक्की केली नाही. हजारो माणसं चिखलातून शांतपणे निघाली, थोड्या वेळाने तशीच परत आली. त्या मधल्या वेळात आम्ही एका अनोळखी व्हॅनमध्ये दाटीने बसलो होतो आणि माझ्या वहीत सगळ्यात जास्त नावं तिथेच भरली. प्राइमॉर्डियल, आहाब, कँडलमास, रॉटिंग क्राइस्ट. प्रत्येकाचं स्लेयरशी वजन करून.

आणि मग स्लेयर. मी पूर्ण ऐकलं. आगीचे लोळ, केरी किंगची ती करवतीसारखी गिटार, आणि त्यांचा दुसरा गिटारवादक जेफ हॅनेमन 2013 मध्ये गेला तरी त्याने रचलेले रिफ तसेच्या तसे जिवंत. गायक टॉम अराया मान हलवत नाही, त्याच्या मानेची शस्त्रक्रिया झालेली आहे. तो नुसता उभा राहून गातो, आणि त्या उभं राहण्यातच जरब आहे. माझ्या वहीतलं कुठलंही नाव त्या वेळी दुसऱ्या स्टेजवर नव्हतं, हे माझं नशीब.

गर्दी पांगताना ते रूरचे गृहस्थ भेटले. म्हणाले, ‘सगळ्यांना विचारत फिरलात, आता तुम्ही सांगा.’ मला वेळ लागला. क्रिप्टोस सांगावं वाटलं, बंगळूरचे, जुन्या वळणाचं हेवी मेटल, त्यांना ते नक्की आवडलं असतं. मुंबईचा गटस्लिटही आठवला. पण स्लेयर सोडून? मी डेमोनिक रिझरेक्शन म्हणाले. मुंबईचा बँड, साहिल मखिजाने 2000 मध्ये सुरू केलेला, डेथ आणि ब्लॅक मेटलमध्ये सिंफनीचा थाट. त्यांचा 2017 चा अल्बम विष्णूच्या दहा अवतारांवर आहे, एकेका अवताराला एकेक गाणं. अवतार म्हणजे काय हे त्या चिखलात उभं राहून समजावताना बरीच रात्र झाली. शेवटी त्यांना एवढंच सांगितलं, मत्स्यापासून क्रमाने ऐका, नरसिंहावर थेट उडी मारू नका.