‘घरी कुठली भाषा बोलता?’ हा प्रश्न नीट कसा विचारावा

बहुभाषिकतेवर प्रबंध लिहायला घेतलेल्या विद्यार्थ्यांच्या प्रश्नावलीत पहिला प्रश्न बहुतेक वेळा ठरलेला असतो : ‘तुमची मातृभाषा कोणती?’ समोरचा एक नाव सांगतो, आपण ते लिहून घेतो आणि पुढचं सगळं काम त्या एका नावावर उभं राहतं. काम फसतं ते इथेच.

जनगणनेचंच बघा. २०११च्या तक्त्यात मातृभाषेचा एक रकाना होता : बालपणी आई ज्या भाषेत बोलायची ती. त्यापुढे येत असलेल्या इतर भाषा, पण जास्तीत जास्त दोन. चौथी भाषा येणाऱ्या माणसाची ती भाषा तिथे मावतच नाही. देशभरातून तेव्हा १९,५६९ नावं आली. छाननीनंतर १,३६९ मातृभाषा उरल्या आणि त्या १२१ भाषांखाली लावल्या गेल्या. दहा हजारांपेक्षा कमी लोक बोलतात ती भाषा नावानिशी दाखवायची नाही, ही रीत १९७१पासूनची. आपल्याकडची अहिराणी या हिशेबात मराठीखाली नाही, ‘खानदेशी’ या वेगळ्या भाषेखाली येते. २०११ साली खानदेशीचे साडेअठरा लाखांच्या आसपास लोक नोंदले गेले. आता धुळे जिल्ह्यातल्या एखाद्या घरात थोरल्या भावाने ‘अहिराणी’ सांगितलं आणि धाकट्याने ‘मराठी’, तर एकाच चुलीवरची भाकरी खाणारे दोघं दोन वेगळ्या भाषांच्या खात्यात जातात. दोघंही खोटं बोललेले नसतात. प्रश्नच असा आहे की त्याचं उत्तर विचारणारा कोण, यावर ठरतं. मास्तर वहीपेन घेऊन आला की ‘मराठी’, मामा आला की ‘अहिराणी’.

म्हणून प्रश्नावलीत भाषेच्या नावासाठी दोन रकाने ठेवा. पहिल्यात समोरच्याने उच्चारलेला शब्द जसाच्या तसा : ‘गावठी’, ‘आपली बोली’, ‘अशुद्ध मराठी’, ‘घरातलं बोलणं’, जे काही म्हणाला असेल ते. दुसऱ्यात तुम्ही केलेलं वर्गीकरण. पहिला रकाना नंतर कधीही ‘दुरुस्त’ करायचा नाही. ‘अशुद्ध मराठी’ हे उत्तर खोडून तिथे ‘वऱ्हाडी’ लिहिलंत, तर त्या माणसाला स्वतःच्या बोलण्याविषयी काय वाटतं ही सगळ्यात मोलाची माहिती गेली.

खरा प्रश्न मात्र नावाचा नाही. कोण, कोणाशी, कुठे, कशाबद्दल, हा आहे. त्यासाठी जोड्यांचा, म्हणजे बोलणारा आणि त्याच्यासमोरचा माणूस यांचा, तक्ता करावा लागतो. आडव्या ओळींत माणसं घ्या : आजी-आजोबा, आई, वडील, नवरा किंवा बायको, भावंडं, मुलं, शेजारी, किराणा दुकानदार, अंगणवाडीताई, शिक्षक, तलाठी. प्रत्येक ओळीला दोन प्रश्न : तुम्ही त्यांच्याशी कशात बोलता आणि ते तुमच्याशी कशात बोलतात? हे दोन प्रश्न एकत्र करू नका. आई मुलाशी कोरकूत (मेळघाटातल्या आदिवासींच्या भाषेत) बोलते आणि मुलगा मराठीत उत्तर देतो, हे भाषा सुटत चालल्याचं फार लवकर दिसणारं चिन्ह आहे. ‘आई-मुलगा : दोन्ही’ अशी एक नोंद केली की ते कायमचं झाकलं जातं.

तक्ता झाला की तीन-चार साधे प्रश्न जोडावेत. पैसे मोजताना आकडे कुठल्या भाषेत येतात? गुरांना हाक कशी मारता? राग आला की तोंडून काय निघतं? बाळाला निजवताना काय म्हणता? इथे माणूस सावध नसतो, त्यामुळे उत्तरं खरी येतात.

बोलणारा एकटा असेल याची मात्र काळजी घ्या. सीमाभागात सून कर्नाटकातून आलेली असते आणि सासू शेजारी बसलेली असते. अशा वेळी सून ‘घरी मराठीच’ म्हणणार. दुपारी, सासू शेतात गेल्यावर, बाई अन्वेषकाने जाऊन विचारलं तर तीच सून सांगते की लेकराशी ती कानडीच बोलते. गावातल्या शिक्षकाला दुभाषा म्हणून नेणं सोयीचं वाटतं, पण टाळाच. त्याच्यासमोर सगळं गाव प्रमाण मराठी बोलायला लागतं.

सीमाभाग म्हटलं की गंपर्झ आणि विल्सन या भाषा-अभ्यासकांचं १९७१चं काम आठवतंच. सांगली जिल्ह्यातलं, त्यांच्या लेखनात ‘कुपवार’ या नावाने आलेलं गाव. जैन आणि लिंगायत घरांत कानडी, मुसलमान घरांत उर्दू, शिवाय मराठी आणि थोडी तेलुगू. शतकानुशतकं या भाषा एकमेकींच्या शेजारी नांदल्या आणि त्यांची वाक्यरचना जवळजवळ एकाच साच्याची झाली. तिथला मराठी माणूस म्हणतो, ‘पाला जरा कापून घेऊन आलो.’ उर्दू बोलणारा म्हणतो, ‘पाला जरा काट के ले के आया.’ कानडी वाक्यही याच क्रमाने, तुकड्याला तुकडा लावून चालतं. शब्द बदलले, सांगाडा तोच. त्यातही घरची भाषा कुणी सोडली नव्हती. गावातल्या वेगवेगळ्या गटांमध्ये मराठी चालायची, कारण ती दोन्ही वजनदार गटांची घरची भाषा नव्हती. डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी काही दशकांनंतर या गावाचा पुन्हा अभ्यास केला आणि जुन्या निष्कर्षांची कसून तपासणी केली. असं परत जाणं आपल्या विद्यापीठांत फार थोडं होतं. नवा विषय शोधण्यापेक्षा जुन्या गावात पुन्हा जाणं कितीतरी उपयोगाचं आहे, असं मला मनापासून वाटतं.

नमुन्याबद्दल थोडक्यात. तीनशे घरांच्या गावात दर सहावं घर घेतलं की पन्नास घरं होतात. प्रत्येक घरात शक्यतो तीन पिढ्यांमधलं एकेक माणूस. एका मुलाखतीला पाऊण तास धरा आणि प्रत्येक घरी दोनदा जायचं ठेवा. गावठाण झालं की काम झालं असं समजू नका. वस्त्या, तांडे आणि पाडे सुटले तर तुमच्या गावात नसलेली एकभाषिकता कागदावर उगवते.

लोक सांगतात ते आणि लोक करतात ते वेगळं असतं, म्हणून आठवडी बाजारात दोन तास एकाच दुकानाशेजारी बसावं. गिऱ्हाईक बोलायला सुरुवात कुठल्या भाषेत करतं, भाव कशात होतो, घासाघीस करताना भाषा बदलते का, एवढंच रेघा मारून टिपायचं. नाव-गाव लिहायचं नाही, आवाज नोंदवायचा नाही.

भाषाधोरणाचा अभ्यास करणारे बहुतेक जण जीआर वाचून थांबतात. कागद वाचावाच लागतो. संविधानाचं ३५०अ कलम प्राथमिक टप्प्यावर भाषिक अल्पसंख्य मुलांना मातृभाषेतून शिकण्याची सोय करायला सांगतं. वर्गात दहा किंवा शाळेत चाळीस मुलं असली तर त्यांच्या भाषेतून शिकवायची सोय करावी, हे सूत्र त्याआधीचं, १९४९चं. पण पस्तीस मिनिटांच्या तासिकेत काय होतं ते वर्गात बसूनच कळतं. मागच्या बाकावर बसा आणि दर तीस सेकंदांनी एक नोंद करा : कोण बोलतंय, कुठल्या भाषेत, कशासाठी. एका तासिकेच्या सत्तर नोंदी होतात. ‘कशासाठी’ला चारच रकाने पुरतात : धड्याचं वाचन, समजावून सांगणं, शिस्त, इतर गप्पा. माध्यम कागदावर एकच असलं तरी हे चार रकाने चार वेगळ्या गोष्टी सांगतात. मुलांच्या भाषेतलं बोलणं फक्त ‘शिस्त’च्या रकान्यात पडत असेल, तर आपली भाषा रागावण्यापुरतीच असते असं ती मुलं शिकताहेत. धोरणाचा हा परिणाम कुठल्याच जीआरमध्ये दिसणार नाही.

इथे अजून एक भेद सांभाळावा लागतो. अहिराणी मराठीची जवळची नातलग आहे. गोंडी द्राविडी कुळातली. कोरकू मुंडा गटातली, म्हणजे तीही मराठीच्या कुळाबाहेरची, आणि तिच्यात एकवचन-अनेकवचनाबरोबर द्विवचनही आहे. ‘मला’ऐवजी ‘माले’ म्हणणारं खानदेशातलं मूल पहिलीत बसून बाईंचं बरंचसं समजून घेतं. मेळघाटातल्या कोरकू मुलाला पहिल्या दिवशी जवळजवळ काहीच कळत नाही. ‘बोलीभाषिक विद्यार्थी’ या एकाच नावाखाली दोघांना घातलं की उपायही एकच सुचतो, आणि मेळघाटातल्या मुलाला तो पुरत नाही.

ध्वनिमुद्रण करणार असाल तर संमती आधी घ्या आणि ती त्यांच्याच भाषेत घ्या. मुलांच्या बाबतीत पालकांची आणि मुलाचीही. पेसा क्षेत्रात (ग्रामसभेला विशेष अधिकार असलेल्या आदिवासी भागात) आधी ग्रामसभेपुढे जाऊन विषय मांडा. मुद्रण एमपीथ्रीत नको, वेव्हमध्ये ठेवा. माइक कॉलरला लावा, पंखा बंद करा. पत्र्याच्या घरात पावसाळ्यातलं मुद्रण वाया जातं. त्याच संध्याकाळी दोन प्रती, दोन वेगळ्या ठिकाणी. मुद्रण ऐकून लिहून काढायला एका मिनिटाच्या बोलण्यामागे अर्धा ते एक तास धरून चला. एलान ही मोफत प्रणाली त्यासाठी चांगली आहे. आणि फक्त देवनागरीवर विसंबू नका. ‘चहा’तला ‘च’ आणि ‘चाक’मधला ‘च’ वेगळे आहेत, पण आपली लिपी ते सांगत नाही. बोलींतला फरक नेमका अशा ठिकाणी असतो, म्हणून निवडक शब्दांसाठी आयपीएचा (आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीचा) वेगळा स्तर ठेवा.

एक्सेलमध्ये माहिती भरताना एका माणसाला एक ओळ देऊ नका, एका जोडीला एक ओळ द्या. पन्नास घरं, घरटी तीन माणसं, अकरा जोड्या : १,६५० ओळी. नवरा-बायको किंवा मुलं नसतील तिथे रकाना रिकामा न सोडता ‘लागू नाही’ लिहा, नाहीतर टक्केवारीचा छेद चुकतो. ‘दोन्ही’ असं उत्तर आलं तर जास्त कुठली, हे तिथल्या तिथे विचारून घ्या. पुण्याला परतल्यावर ते आठवणीतून भरता येत नाही.