शिट्टी न वाजवणाऱ्या प्रशिक्षकाचे गाव : कॉलेजव्हिल, मिनेसोटा

मिनेसोटात मुलीकडे आलेला माणूस सहसा जे पाहतो, ते सगळे, म्हणजे तळी, मॉल आणि मिसिसिपीचा उगम, पाहून झाल्यावर मी तिला कॉलेजव्हिलला न्यायला सांगितले. "बाबा, तुम्हाला नक्की मठ बघायचाय की मैदान?" तिने विचारले. मैदान, असे मी सांगितले. कोल्हापुरात शाळेचा क्रीडाशिक्षक म्हणून आयुष्य काढलेल्या माणसाकडून तिलाही वेगळ्या उत्तराची अपेक्षा नसावी.

मिनियापोलिसहून महामार्ग ९४ ने वायव्येकडे निघाले की दीड तासाच्या आत, सेंट क्लाउड मागे पडल्यावर, कॉलेजव्हिलचा फाटा येतो. मक्याची कापलेली शेते संपून मेपल आणि ओकची दाट झाडी लागते. ऑक्टोबरात ती लाल-पिवळी झालेली असते, आणि त्या झाडीच्या वर घंटा टांगलेला काँक्रीटचा एक अवाढव्य फलक उभा दिसतो. हे सेंट जॉन्स ॲबीचे, म्हणजे मठाचे, चर्च. मार्सेल ब्रॉयर या वास्तुविशारदाने त्याचा आराखडा केला आणि १९६१ मध्ये ते पूर्ण झाले. बेनेडिक्टाइन पंथाचे भिक्षू मिनेसोटात १८५६ मध्ये आले आणि पुढल्याच वर्षी त्यांनी कॉलेजची सुरुवात केली. आज मठाभोवती अडीच हजार एकरांहून अधिक जंगल, तळी आणि कुरणे आहेत, आणि त्यांच्या मधोमध दोन हजारांहून कमी मुलांचे सेंट जॉन्स विद्यापीठ आहे. मुलींचे कॉलेज शेजारच्या सेंट जोसेफ गावात आहे आणि दोन्हीकडचे वर्ग एकत्र चालतात. चर्च पाहण्यासारखे आहे, हे निर्विवाद; पण त्याच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत, म्हणून मी सरळ क्लेमेन्स स्टेडियमकडे वळतो.

स्टेडियम म्हणताना डोळ्यांपुढे जे येते, ते इथे नाही. जमिनीतच एक नैसर्गिक खळगा आहे, त्याच्या तळाशी मैदान, उतारावर बाके आणि काठावर चहूबाजूंनी झाडे. पानांच्या द्रोणात कुणी हिरवा चौकोन ठेवावा, तसे ते वरून दिसते. इथे खेळतात ते अमेरिकन फुटबॉल, म्हणजे आमच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा तालमीत जे रंगते, त्याच्याशी नावापुरतेच नाते असलेला खेळ. अकरा जणांनी चेंडू हातात घेऊन चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे आणि समोरच्या अकरांनी चेंडूवाल्याला अंगावर धडकून खाली पाडायचे, एवढे लक्षात ठेवले तरी सामना समजतो. ही धडक म्हणजे टॅकल. तीच या खेळाचा प्राण आहे आणि मोडलेल्या गुडघ्यांचे नि डोक्याच्या दुखापतींचे मूळही तीच आहे.

या मैदानावर जॉन गॅग्लियार्डी या प्रशिक्षकाने १९५३ पासून २०१२ पर्यंत, सलग ६० हंगाम, संघ चालवला आणि सरावात खेळाडूंना एकमेकांना टॅकल करायला बंदी घातली. मला इथवर खेचून आणणारी गोष्ट हीच होती.

गॅग्लियार्डी मूळचे कोलोरॅडोतील त्रिनिदाद या कोळसाखाणींच्या गावचे, इटलीहून आलेल्या कुटुंबातले. जन्म १ नोव्हेंबर १९२६ चा. १९४३ मध्ये शाळेच्या प्रशिक्षकाला युद्धावर जावे लागले आणि संघ बंद पडण्याची वेळ आली, तेव्हा सोळा वर्षांच्या या पोराने, जो स्वतः संघात खेळत होता, प्रशिक्षकाचे कामही अंगावर घेतले. स्वतः घाम गाळलेला असल्यामुळे सरावातले काय उपयोगाचे आणि काय केवळ छळाचे, हे त्याला ठाऊक होते. थकवून टाकणारी कवायत त्याने बंद केली, आणि तहानेने व्याकूळ करणे हा कणखरपणाचा धडा समजला जाण्याच्या त्या काळात मुलांना सरावाच्या मध्ये पाणी पिऊ दिले. पुढे १९४९ मध्ये पदवी हाती पडताच मोंटाना राज्यातील हेलेना येथील कॅरोल कॉलेजने त्याला, वयाच्या बाविसाव्या वर्षी, बोलावून घेतले. तिथल्या चार हंगामांत २४ विजय, ६ पराजय आणि १ बरोबरी झाली, आणि सेंट जॉन्सच्या भिक्षूंचे लक्ष त्याच्याकडे गेले.

सेंट जॉन्समध्ये गॅग्लियार्डींच्या आधी प्रशिक्षक होते जॉनी 'ब्लड' मॅक्नॅली, याच कॉलेजचे माजी विद्यार्थी आणि ग्रीन बे पॅकर्सचे नावाजलेले खेळाडू. इथे कुणालाही जिंकता येणार नाही, असा निरोपाचा सल्ला त्यांनी नव्या माणसाला दिला, ही कथा इथे आवडीने सांगितली जाते. पुढे १९६३ मध्ये व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेमच्या पहिल्याच तुकडीत मॅक्नॅलींचा समावेश झाला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात सॅक्रामेंटो येथे प्रेअरी व्ह्यू संघाला ३३-२७ असे हरवून सेंट जॉन्सने पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळवले.

सामना पाहताना माझ्या शेजारी सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ बसले होते. ते इथे खेळून गेलेले होते. मी क्रीडाशिक्षक आहे हे कळल्यावर त्यांनी स्कोअरबोर्डकडे पाहणे जवळजवळ सोडूनच दिले. सराव दीड तासाच्या वर कधी नसायचा, शिट्टी नसायची, ढकलण्याची लोखंडी यंत्रे नसायची, अंगावर सगळी चिलखते चढवायला लागायची नाहीत, डास फार झाले की सराव आटोपता घ्यायचा. संघातून कुणाला काढून टाकायचे नाही. कोच म्हणायचे नाही, नुसते जॉन म्हणायचे. कधी सगळ्यांना गवतावर उताणे निजवून, आजचा दिवस किती सुंदर आहे, असे एकमेकांना सांगायला लावायचे आणि तोच व्यायाम समजायचा. गृहस्थ हे सांगताना हसत होते. मी मात्र विचारात पडलो होतो, कारण गळ्यातल्या शिट्टीशिवाय मैदानावर उतरल्याचा एकही दिवस मला आठवत नव्हता.

या नकारांची यादी अमेरिकेत इतकी प्रसिद्ध आहे की गॅग्लियार्डींचे वर्णन प्रेमळ, तऱ्हेवाईक आजोबा असे करून लोक मोकळे होतात. मला ते पटत नाही. इथे येऊन परिस्थिती पाहिल्यावर माझे मत असे झाले की हा माणूस अत्यंत हिशेबी होता. सेंट जॉन्स ज्या डिव्हिजन थ्रीमध्ये, म्हणजे कॉलेज खेळांच्या तिसऱ्या स्तरावर, खेळते, तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही. मोठ्या विद्यापीठाचा प्रशिक्षक खेळाडूला शिष्यवृत्तीच्या धाग्याने बांधून ठेवू शकतो. इथला मुलगा स्वतःची फी भरून, दुपारी प्रयोगशाळेतून धावत मैदानावर येतो, आणि कंटाळला तर दुसऱ्या दिवशी येत नाही. अशा मुलाला उन्हात तासन्‌तास धावायला लावून काय मिळणार? सरावात टॅकल नसल्याने मंगळवारी कुणाचा खांदा निखळत नाही आणि शनिवारी सगळे धडधाकट उतरतात. कुणालाही न काढल्यामुळे संघात दीडशेहून अधिक मुले असतात, म्हणजे तितकी घरे कॉलेजशी जोडली जातात आणि तितकेच पालक शनिवारी उतारावर येऊन बसतात. छोट्या कॉलेजचा संघ उभा राहतो तो असा.

वाचलेला वेळ ते कशात घालत, हेही पाहण्यासारखे आहे. तीच चाल पुन्हा पुन्हा, प्रत्येकाची जागा आणि पावलाचा क्षण बिनचूक जुळेपर्यंत, धडकेशिवाय करून घेत. बचाव करणाऱ्याने योग्य जागी पोहोचायचे आणि तिथेच थांबायचे. पाडण्याची कला सामन्यात आपोआप येते, जागेवर पोहोचण्याची येत नाही, असा त्यामागचा विचार. याच्यावर टीका भरपूर झाली. पण २०१६ मध्ये आयव्ही लीगच्या आठही विद्यापीठांच्या प्रशिक्षकांनी हंगामातील सरावात पूर्ण टॅकल बंद करण्याच्या बाजूने कौल दिला, तेव्हा सेंट जॉन्समध्ये ही गोष्ट कित्येक दशके जुनी झाली होती.

निकाल म्हणाल तर १९६३ नंतर १९६५, १९७६ आणि २००३ अशी आणखी तीन राष्ट्रीय विजेतेपदे मिळाली. त्यांतला २००३ चा हंगाम लोकांच्या तोंडी अजून ताजा आहे. ८ नोव्हेंबरला याच खळग्यात बेथेल संघाविरुद्ध २९-२६ असा विजय मिळाला आणि गॅग्लियार्डींचे विजय ४०९ झाले. ग्रॅम्बलिंग स्टेटच्या एडी रॉबिन्सन यांचा ४०८ विजयांचा विक्रम मागे पडला. पुढच्याच महिन्यात व्हर्जिनियातील सेलम येथे अंतिम सामन्यात सेंट जॉन्सने माउंट युनियनला २४-६ असे हरवले; माउंट युनियन त्याआधी सलग ५५ सामने जिंकत आलेला संघ होता. गॅग्लियार्डी आणि रॉबिन्सन या दोन प्रशिक्षकांची तुलना अमेरिकन चाहते हौसेने करतात. मला ती जरा अवघड वाटते, कारण रॉबिन्सन यांनी आपला संघ उभा केला तो दक्षिणेतल्या लुइझियानात, कृष्णवर्णीय मुलांना तिथल्या मोठ्या विद्यापीठांची दारे बंद असतानाच्या काळात. ती लढाई कॉलेजव्हिलच्या झाडीत कधी लढावी लागली नाही.

गॅग्लियार्डी थांबले तेव्हा ८६ वर्षांचे होते. एकूण ४८९ विजय, १३८ पराजय, ११ बरोबरी. शेवटच्या काही हंगामांत संघ पूर्वीसारखा जिंकत नव्हता, हे शेजारच्या गृहस्थांनीही आडपडदा न ठेवता सांगितले. इतकी वर्षे एकाच जागी राहण्याचे मोठ्या विद्यापीठांत कुणी मनावर घेत नाही. तिथे दोन हंगाम वाईट गेले की माणूस बदलतात. पण बेनेडिक्टाइन भिक्षू दीक्षा घेताना इतर व्रतांसोबत स्थैर्याचे व्रत घेतात, म्हणजे ज्या मठात प्रवेश केला त्याच मठात आयुष्य काढायचे. चार मुलांचा बाप असलेला हा संसारी गृहस्थ त्यांच्या शेजारी साठ वर्षे राहिला, याचे त्या भिक्षूंना फारसे आश्चर्य वाटले नसावे. गॅग्लियार्डींच्या हयातीतच, १९९३ पासून, डिव्हिजन थ्रीच्या सर्वोत्तम खेळाडूला त्यांच्या नावाची ट्रॉफी देण्यात येऊ लागली, आणि २००६ मध्ये कॉलेज फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. ७ ऑक्टोबर २०१८ रोजी, ९१ व्या वर्षी, ते गेले.

२०१३ पासून संघ सांभाळणारे गॅरी फॅशिंग हे इथलेच जुने खेळाडू आणि गॅग्लियार्डींचे अनेक वर्षांचे सहायक. त्यांच्या हाताखाली संघ पुन्हा वर आला. चुटपुट लागते ती एका गोष्टीची. सेंट पॉल शहरातल्या सेंट थॉमस विद्यापीठाशी असलेले जुने वैर, ज्याच्या २०१७ च्या सामन्याला मिनियापोलिसच्या टार्गेट फील्डवर ३७ हजारांहून अधिक प्रेक्षक आले होते, आता उरलेले नाही. सेंट थॉमस बाकीच्यांना फारच भारी पडू लागल्याने त्याला या कॉन्फरन्समधून, म्हणजे आपसांत खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटातून, बाहेर पडावे लागले आणि २०२१ पासून त्याचा संघ थेट सर्वांत वरच्या डिव्हिजन वनमध्ये खेळतो. पेठांच्या वैरावर वाढलेल्या माझ्यासारख्याला हा तोडगा मुळीच रुचला नाही. घरचा सामनाच नाहीसा करून स्पर्धा कुणाची सुधारते?

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. हंगाम सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत असतो आणि घरचे सामने सहसा शनिवारी दुपारी होतात, तेव्हा सकाळी लवकर पोहोचून आधी चर्च पाहावे आणि सॅगाटॅगन तळ्याकाठची पायवाट चालून मग मैदानावर यावे. सार्वजनिक वाहनांच्या भरवशावर राहू नये, स्वतःची किंवा भाड्याची गाडीच घ्यावी. ऊन कितीही असले तरी खळग्याच्या सावलीच्या बाजूला चांगलीच थंडी वाजते. मुलीने बळेच दिलेली कानटोपी मी पहिल्या पंधरा मिनिटांतच चढवली.