पाचवा सागरगोटा

टूर मॅनेजरला सर्वांत धाक कशाचा असेल, तर कार्यक्रमात 'निवांत दिवस' असं छापलेल्या दिवसाचा. विमान चुकलं तर निदान धावपळ तरी करता येते. निवांत दिवशी पुणेकर नुसते आपल्या तोंडाकडे बघत बसतात.

सेशेल्सची आमची शिडाच्या बोटीची सफर ऑक्टोबरात होती. सहा जण, सगळे पुण्याचे. निघण्याआधी ऑफिसात मीटिंग झाली तेव्हाच कोथरूडच्या एका काकांनी कागदावर बोट ठेवलं. "चौथ्या दिवशी बघायचं काय?" म्हटलं, "बेट." "ते कळलं. बेटावर काय?"

हे बेट म्हणजे क्युरिएझ. प्रालँ बेटाच्या अगदी शेजारी, जेमतेम तीन चौरस किलोमीटरचं. आग्नेयेचा वारा त्या महिन्यात दमत आलेला असतो, त्यामुळे शीड फडफडत, अर्धवट फुगत आम्ही दहाच्या सुमारास पोचलो आणि डिंगीतून किनाऱ्यावर उतरलो. सेशेल्सच्याच अल्डाब्रा बेटांवरची महाकाय कासवं तिथे मोकळी हिंडतात. मोठा नर अडीचशे किलोपर्यंत भरतो. मानेखाली खाजवलं की ते चारी पायांवर उंच होऊन मान लांब करतं आणि डोळे मिटतं. त्यात काकांची वीस मिनिटं गेली. मग खारफुटीतून पायवाटेनं पलीकडच्या किनाऱ्यावर. इथे 1833 पासून 1965 पर्यंत अधूनमधून कुष्ठरोग्यांची वसाहत होती. त्यांच्या डॉक्टरांचं लाकडी घर अजून उभं आहे. तिथे सगळे जरा गप्प झाले.

साडेबारा वाजले. जेवणाला वेळ होता आणि काका माझ्याकडे बघायला लागले होते.

तेवढ्यात नारायण पेठेतल्या काकूंनी हाक मारली. वय बहात्तर. भरतीनं किनाऱ्यावर वाळकी पानं, काटक्या यांची जी रेघ आणून टाकलेली असते, तिच्यापाशी त्या उकिडव्या बसल्या होत्या. तळहातावर राखाडी, गुळगुळीत, बोराएवढी एक बी. "अरे, हा सागरगोटा!"

बाळगुटीत उगाळतात तो, मुली खेळतात तो. काकूंनी तो दगडावर खसाखसा घासला आणि काकांच्या दंडाला टेकवला. काका ओरडलेच. साठ वर्षांनी बसलेला चटका.

पुढचा तासभर सहा पुणेकर वाकून ती रेघ धुंडाळत होते. आमचा स्किपर तिथलाच. त्यानं सांगितलं, या बीच्या कवचातून पाणी आत शिरत नाही आणि आत थोडी हवा राहते, म्हणून ती महिनोन् महिने तरंगत जाते. उलट याच बेटावर आणि शेजारच्या प्रालँवर नैसर्गिकरीत्या उगवणारा तो प्रचंड जोडनारळ, ज्याच्या करवंटीचे आपल्याकडे साधूंचे कमंडलू होतात, तो ताजा असताना सरळ बुडतो. आतून कुजून पोकळ झाला तरच तरंगतो. काकांनी हे वहीत लिहून घेतलं. इतका वेळ वही बंदच होती.

चारच मिळाले. पाचवा म्हणून काकूंनी पोवळ्याचा तुकडा घेतला, वाळूवर टॉवेल अंथरला. एक वर उडवायचा, तेवढ्यात खालचा उचलायचा, वरचा झेलायचा. आधी एकेक, मग दोन-दोन. बांगड्या वाजत होत्या आणि मासे भाजणारा पोऱ्या चिमटा हातात धरून तसाच उभा राहिला होता.

निघताना पंचाईत झाली. हा सगळा भाग संरक्षित आहे, तिथून शिंपलासुद्धा न्यायचा नाही. काकूंच्या पंजाबीचा खिसा फुगलेला मला दिसत होता. आठ वर्षांच्या नोकरीत मी भांडखोर गिऱ्हाइकं सांभाळली आहेत, पण आईच्या वयाच्या बाईला खिसा रिकामा करा म्हणताना माझी जीभ अडखळली. त्यांनी एक शब्द न बोलता चारही परत त्या रेघेत ठेवले. पोवळ्याचा तुकडाही.

दिवाळीनंतर फोटो द्यायला त्यांच्या घरी गेलो. बाहेरच्या खोलीत फरशीवर पाच सागरगोटे मांडलेले होते. रविवार पेठेतल्या काष्ठौषधीच्या दुकानातून आणलेले.

"किती पडले माहितीये? विमानाच्या तिकिटापेक्षा स्वस्त," काकू म्हणाल्या. "बस खाली. फोटो नंतर."

मी दुसऱ्याच फेरीत बाद झालो.