छुंदा: बिनलिंबाची बरणी बसली

छुंदा म्हणजे कैरीच्या किसाचं साखर घालून उन्हात मुरवलेलं गोड-तिखट लोणचं. त्यातली साखर बसू नये म्हणून केलेल्या माझ्या प्रयोगाचा शेवटी निकाल लागला. एकाच किसाचे दोन भाग करून एकात सुरुवातीलाच लिंबू पिळलं होतं, दुसऱ्यात नाही. बिनलिंबाच्या बरणीत काल चमचा घातला तर तळाशी करकरला. पांढरट रवाळ थर, त्यात कीस रुतलेला. लिंबाची बरणी मात्र अजून मधासारखी ओघळतेय!

पाक एकतारीच्या पुढे गेला की साखर बसते, असं सगळेच सांगतात. ते खरंच आहे. साध्या तापमानाला पाकात साधारण 67 टक्क्यांपर्यंतच साखर विरघळलेली राहते. पाणी जास्त उडालं की वरची साखर खडे धरणारच. पण माझी दोन्ही पातेली एकाच गच्चीवर शेजारी शेजारी, तोंडाला मलमल बांधून ठेवलेली, आणि उतरवताना तारही सारखीच. मग फरक उरला आंबटाचा. आंबट आणि ऊब दोन्ही मिळाली की साखरेचा काही भाग फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतो, आणि असा मिश्र पाक सहजी खडे धरत नाही. राजापुरी कैरी किसायला सुख, गर भरपूर, पण बडोद्याच्या खंडेराव मार्केटातून आणलेला हा माल आतून पिवळा पडू लागला होता. कैरी पाडाला आली की आंबटपणा उतरतो. म्हणजे साखरेचं माप ठरवायच्या आधी एक फोड चाखायची.

किसणीबद्दल विचारलं होतं कुणीतरी. स्टीलची, जाड भोकांची घ्या. ती हँडल फिरवायची फॅशनेबल किसणी लगदा करते. माझी माळ्यावर गेली.

बसलेली बरणी वाचवायला थोडं पाणी, लिंबू आणि मंद आच. खडा न् खडा विरघळला पाहिजे, एक जरी राहिला तरी त्याच्यावर बाकीचे पुन्हा जमतात. पातेल्याच्या कडेला चिकटलेले दाणेसुद्धा पुसून घ्या. तिखट आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड गार झाल्यावरच.

दरम्यान लिंबाचा छुंदा थेपल्याची वाट न बघता घट्ट दह्यात कालवला, वर हिंग-मोहरीची फोडणी. भाकरीबरोबर वाटी साफ.

उरलेल्या कैऱ्यांचा लिंबू घालूनच दुसरा छुंदा करणार होतो. पण हे लिहिता लिहिता सुचलं, गुळात ही फुटलेली साखर मुळातच थोडीफार असते. तेव्हा अर्ध्या किसात साखरेऐवजी गूळच घालतो. रंग काळपट येईल, येऊ दे. चिकीचा गूळ मात्र नको, साधाच आणतो.