तीस गुंठ्यांतला लव्हाळा

आमच्या वाळवा तालुक्यातल्या काळ्या रानात लव्हाळा, हे चिवट तण, आहे, यात नवल काहीच नाही. कुणाच्या रानात नाही? पण विहिरीकडच्या आमच्या तीस गुंठ्यांत तो इतका माजला होता की खोडव्याच्या, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेल्या पिकाच्या, सरीत ऊस शोधावा लागे. जोडीला बांधावरून आत घुसलेलं हराळी गवत. भांगलायला येणाऱ्या काकी एकदा वैतागून म्हणाल्या, "पात संपवून मागं बघतोय तवर हे परत वर. लव्हाळाच घाल बाबा कारखान्याला."

हे दुखणं मीच वाढवून ठेवलं होतं. 2021 च्या उन्हाळ्यात घाईघाईत दोनदा रोटर, म्हणजे ट्रॅक्टरचं माती बारीक करणारं अवजार, मारून घेतला. रान मैद्यासारखं झालं, मी खूश. पंधरा दिवसांनी पाणी दिलं तर सगळीकडे हिरवी लव. मग दुकानातून ग्लायफोसेट हे तणनाशक आणलं आणि भर मे महिन्यात, दुपारी, सुकून मान टाकलेल्या धुळकट पात्यांवर मारलं. पाणी कॅनॉलचं, गढूळ. ते औषध मातीला चिकटतं आणि तिथंच निकामी होतं, हे मला तेव्हा कुठं ठाऊक? पाती वरवर पिवळी पडली, आठवड्यात पुन्हा कोंब. पुढं 2022 च्या ऑक्टोबरमध्ये केंद्रानं ते फक्त परवानाधारक कीडनियंत्रण चालकांकडूनच मारून घ्यायचा आदेश काढला, त्यामुळं तो विषय माझ्यापुरता तरी मिटला.

2024 च्या फेब्रुवारीत खोडवा तुटून गेला. ऑगस्टमध्ये आडसाली, म्हणजे दीड वर्षाच्या उसाची, लागण करायची होती, म्हणजे हातात पाच-सहा महिने होते. आबा म्हणाले, "आधी त्याला खणून बघ तरी. नुसता वरनं तरवार चालवतोयस." खोऱ्यानं एक फूट लांब-रुंद चौक खणला आणि चाळणीत माती धुतली. एका पात्याखाली गाठ, गाठीतून तारेसारखा काळा धागा, त्याला दुसरी गाठ, तिथून पुढं तिसरी. त्या एवढ्याशा चौकात 43 गाठी निघाल्या, आणि वर पाती होती फक्त अकरा. नखानं खरवडली की आत पांढरी आणि घमघमाट येतो. दिवाळीच्या उटण्यातला नागरमोथा तो हाच. उटण्याला पैसे मोजायचे आणि रानातला काढायलाही पैसे मोजायचे!

रोटरचं कोडं त्या चौकानंच सोडवलं. गाठींची माळ अखंड असते तोवर वरची गाठ बाकीच्यांना दाबून धरते, त्या झोपून राहतात. माळ तुटली की प्रत्येक गाठ आपापला कोंब काढते. हराळीचंही तसंच, काशीच्या, म्हणजे तिच्या जमिनीतल्या आडव्या खोडाच्या, प्रत्येक पेराला नवा ठोंब. आणि झोपलेल्या गाठीला पातंच नसेल तर फवारा कितीही चांगला मारा, तिच्यापर्यंत पोचणार कसा?

मार्चच्या पहिल्या आठवड्यात पलटी नांगरानं फूटभर खोल नांगरट केली. ट्रॅक्टर आत घेण्यापूर्वी नांगराला चिकटलेली माती खरवडायला लावली. ड्रायव्हर माझ्याकडं बघून हसला, पण एका रानातली गाठ दुसऱ्या रानात अशीच जाते. ढेकळं मुद्दाम फोडली नाहीत. गाठी बहुतेक वरच्या सहा-सात इंचात असतात आणि ऊन लागून आतून वाळल्या तरच मरतात.

महिन्याभरानं एक उद्योग केला. ढेकळांच्या वरच्या अंगच्या दहा गाठी एका डब्यात, खालच्या ओलसर अंगच्या दहा दुसऱ्या डब्यात, दोन्हींत ओली माती घालून मोरीपाशी ठेवले. आई म्हणाली, "आता लव्हाळा कुंडीत लावायचा राहिला होता." बारा दिवसांत पहिल्या डब्यात एक कोंब आला, दुसऱ्यात आठ. म्हणजे नांगरट झाली म्हणून घरी बसणं चुकीचं होतं. ढेकळांची खालची बाजू अजून जिवंत होती. लगेच आडवी नांगरट करून ढेकळं उलटी केली.

एप्रिलच्या शेवटी कल्टीवेटरच्या दोन पाळ्या घातल्या. रोटर काशांचे तुकडे करतो, कल्टीवेटरचा फण त्यांना ओढून वर आणतो. चार बायका आणि आम्ही दोघं, तीन दिवस काशा वेचत होतो. हे काम कंटाळवाणं आहे, त्याला दुसरा शब्द नाही. वेचलेल्या काशा बांधावर टाकायच्या नाहीत, एवढंच सांगतो. पहिल्या वळवाला तिथंच मुळं धरतात. आम्ही त्या कडक वाळवून जाळल्या.

त्यानंतरचं काम गावात कुणाला पटलं नाही. रिकाम्या रानाला मी पाणी दिलं. शेजारचे अण्णा बांधावर थांबले, "काय पेरलंयस?" म्हटलं, "लव्हाळा." खरंच तसंच होतं. उरलेल्या सगळ्या गाठी एकदम उगवून याव्यात, त्यांनी साठवलेलं बळ कोंब काढण्यात घालवावं, आणि नव्या गाठी धरण्याआधी आपण त्यांना उखडावं. त्यासाठी उगवल्यापासून तीन आठवड्यांच्या आत पाळी घालायलाच हवी. 2021 मध्येही माळा तुटल्याच होत्या, फक्त पुढची पाळी मी घातली नव्हती. आता पंधराव्या दिवशी कुळवलं. मग वळीव पडला, पुन्हा उगवला, मेअखेर पुन्हा कुळवलं. या खेपेला पाती बारीक होती, रंगही फिका.

जूनच्या सुरुवातीला हिरवळीच्या खतासाठी अठरा किलो ताग दाट पेरला. लव्हाळ्याला सावली मानवत नाही. तागात वाकून पाहिलं तर खाली लांबट, मलूल पाती, एकालाही तुरा नाही. फुलावर येताच, जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, ताग गाडला आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आडसाली लावली.

पुन्हा तोच एक फुटाचा चौक खणला: सहा गाठी. उसात त्या डोकं वर काढणारच, त्यांच्यासाठी हॅलोसल्फ्युरॉन मिथाईल 75 टक्के एकरी 36 ग्रॅम हे उसातल्या लव्हाळ्याचं औषध आहे. मला ते फक्त पाटाकडच्या चार सऱ्यांत लागलं, कारण तिथं वरच्या रानातून पाण्याबरोबर गाठी येतात. आता पाटाच्या तोंडाला जुन्या कांद्याच्या पिशवीची जाळी बांधली आहे. पाण्याच्या पाळीला ती झाडली की तीन-चार गाठी निघतात. काकी त्या वेचून चुलीत टाकतात आणि दर वेळी मला ऐकू जाईल अशा आवाजात मोजतात.