पिसदुऱ्याचं शेण

गाडी चालवायला लागून वीसेक वर्षं झाली. लग्नाची, रामटेकची, ताडोब्याची, मेडिकलमधून सुटी झालेल्या पेशंटची, सगळी भाडी मारून झाली. पण शेण पाहायला जायचं म्हणून कोणी गाडी सांगितली, असं मागच्या नोव्हेंबरात पहिल्यांदाच झालं.

सर माझं जुनं गिऱ्हाईक. भूगर्भशास्त्राचे प्रोफेसर होते, आता रिटायर. त्यांचा मुलगा कॅनडात, कॅलगरीला असतो. तो दहा वर्षांच्या लेकीला घेऊन नागपूरला आला होता. सरांचा फोन आला, "भाऊ, उद्या वरोऱ्याकडे जायचं. नातीला डायनासोरचं शेण दाखवायचं." मला वाटलं, म्हातारपणी सर मजेत आले. म्हटलं, सर, शेणासाठी शंभर किलोमीटर कशाला, आमच्या मोहल्ल्यातच या.

पहाटे निघालो. वाटेत तर्री-पोहे झाले. पोरीला तर्री झेपली नाही, पण तिनं हार मानली नाही, नाक पुसत खाल्लं. तेव्हाच मला ती पोरगी आवडली.

गाडीत तिचीच टकळी. कॅलगरीहून दीडेक तासावर ड्रमहेलर नावाचं गाव आहे म्हणे, तिथं सगळी उघडी माती. रेड डिअर नदीनं आणि पावसानं डोंगर असे कापलेत, की पांढरे, काळे, तपकिरी थर केकच्या कापासारखे दिसतात. झाड नाही, पीक नाही. डोक्यावर दगडाची टोपी घातलेले मातीचे खांब उभे. दरवर्षी पाऊस थोडी माती धुऊन नेतो आणि नवीन हाड बाहेर डोकावतं. 1884 साली टिरेल नावाचा माणूस कोळसा शोधत फिरत होता, त्याला डायनासोरची कवटीच सापडली. आता त्याच्याच नावाचं मोठं म्युझियम आहे तिथं. तिनं मोबाईलवर फोटो दाखवायचा प्रयत्न केला. मी म्हटलं, बेटा, बुटीबोरीचा ट्रॅफिक संपू दे.

बुटीबोरीला टाकळघाटचा विषय निघाला. सर म्हणाले, "हिस्लॉप इथंच गेला." मी हिस्लॉप कॉलेजसमोर कितीदा सवारी सोडली असेल, पण हिस्लॉप हा माणूस होता हे कधी डोक्यातच आलं नाही. स्टीफन हिस्लॉप, स्कॉटलंडचा मिशनरी. नागपुरात शाळा चालवायचा आणि उरलेल्या वेळात दगड गोळा करायचा. टाकळघाटची जुनी दगडी वर्तुळं पाहायला गेला आणि परतताना पुराच्या नाल्यात बुडून मेला. साल 1863. आपण जातोय त्या पिसदुऱ्याची हाडं त्याच्या काळापासून माहीत आहेत, असं सर म्हणाले. पुढं 1879 मध्ये लायडेकर नावाच्या साहेबानं तिथल्या शेपटीच्या मणक्यावरून एका टायटॅनोसॉरला, म्हणजे लांब मानेच्या, झाडपाला खाणाऱ्या अजस्र डायनासोरला, नाव दिलं. पोरगी गप्प झाली. तिच्या टिरेलच्या आधीचं निघालं ना!

जांबवरून वरोऱ्याची वाट धरली आणि वरोऱ्याच्या अलीकडे महामार्ग सोडून आत वळलो. सर म्हणाले, थांबव. मी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. वेचणीला आलेला कापूस, मध्ये तुरीच्या ओळी, धुऱ्यावर बाभळी. पोरगी उतरली आणि इंग्रजीत बापाला काहीतरी बोलली. तिचा चेहरा पाहून अर्थ कळला. डोंगर कुठं? थर कुठे? तिला ड्रमहेलर पाहिजे होतं, आम्ही तिला कापसाच्या वावरात उभं केलं होतं. खरं सांगतो, मलाही थोडी लाज वाटली, जसं काही वावर मीच निवडलं.

सर मात्र खुशीत. त्यांचं म्हणणं, लॅमेटाचा थर इथं जमिनीलगतच आहे. साडेसहा कोटींहून जास्त वर्षांपूर्वी नद्या-तळ्यांच्या काठी साचलेली माती, तिच्यावरून मग ज्वालामुखीचा लाव्हा वाहत गेला. आपला सगळा काळा दगड त्या लाव्ह्याचाच. लाव्हा जिथं झिजला तिथं खालचा थर उघडा पडला. तिकडे पाऊस हाड काढून दाखवतो, इथं शेतकऱ्याचा वखर. डोंगरगावची टेकडीही याच पट्ट्यात. तिथं सापडलेल्या सांगाड्याला आज इसिसॉरस म्हणतात, कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून. हे नाव 2003 मधलं.

वावराच्या मालकाला विचारून आम्ही धुऱ्याधुऱ्यानं निघालो. त्याला नवल वाटलं नाही. "दगडवाले का? जा ना. कापूस तुडवू नका फक्त."

अर्ध्या तासानं पोरीनं आरोळी मारली. हातात लहान बेलफळाएवढा भुरकट गोटा. ड्रमहेलरला शिकवलेली युक्ती तिनं लगेच केली. हाडाच्या जीवाश्मात बारीक छिद्रं असतात, म्हणून ते जिभेला चिकटतं, साधा दगड चिकटत नाही. तिनं गोटा चाटला. सरांनी तो हातात घेतला, चष्मा वर केला आणि शांतपणे म्हणाले, "बेटा, हे हाड नाही."

तिचा बाप हसून हसून धुऱ्यावर बसला. मी पाण्याची बाटली आणायला पळालो. सर समजावत राहिले की आता तो निव्वळ दगड आहे, त्यात काही उरलेलं नाही. पोरीनं तीनदा चूळ भरली आणि चौथ्यांदा हसली.

मग मी तो गोटा घेतला. माझं बालपण भंडारा जिल्ह्यात, ढोरांमागं गेलं. शेण पाहून बैल काय खाऊन आला, हे आमचा बाप सांगायचा. मी विचारलं, "सर, एवढं मोठं जनावर आणि शेण एवढुसं?" त्याचं उत्तर मग मलाच सुचलं. आपल्याकडे कच्छी मेंढपाळ उंट घेऊन येतात. उंट गाईपेक्षा केवढा उंच, पण गाय पोवटा टाकते आणि उंट लेंड्या टाकतो. सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, "हे वर्गात कोणी नाही सांगितलं." ते पुढं म्हणाले, कोणाचं शेण यावर कोणी सही-शिक्का मारलेला नाही. याच थरात टायटॅनोसॉरची हाडं मिळतात, म्हणून त्यांचं मानतात.

आणि आता जे सांगतो त्यासाठी हे सगळं लिहायला बसलो. पिसदुऱ्याचे असे गोटे लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या वंदना प्रसाद, प्रोफेसर अशोक साहनी आणि त्यांच्या सोबत्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्यात गवत निघालं. तोवर डायनासोरच्या काळात गवत होतं असं कोणी फारसं धरत नव्हतं. 2005 मध्ये हे छापून आलं. गवत तर कधीच कुजलं होतं, मग दिसलं काय? सर म्हणाले, गवत जमिनीतून सिलिका ओढतं, म्हणजे काचेचाच भाऊबंद, आणि तिचे बारीक कण पानाच्या पेशींत साचतात. पान कुजतं, पोटात पचतं, पण हे कण जसेच्या तसे राहतात. आणि त्यांच्या आकारावरून गवत ओळखता येतं.

मी म्हटलं, "सर, म्हणूनच धानाचं पान हात कापतं का?"

"म्हणूनच."

"आणि शेणाच्या गोवरीच्या राखेनं भांडी निघतात ती?"

सर क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिले. मग म्हणाले, "त्या गवतात धानाचे नातेवाईकही होते, भाऊ. 2011 मध्ये तेही छापलं."

माझ्या हातातला गोटा जड झाला. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या धान. रोवणीत कमरेचा काटा ढिला झाला म्हणून तर मी गाव सोडून स्टेअरिंग धरलं. आणि त्या धानाची कोणी आजी-पणजी या जनावरानं चरून इथं टाकून ठेवली होती, आणि मी चार हजारांच्या भाड्यात ती पाहायला आलो होतो.

गोटा जिथला तिथं ठेवला. फोटो काढले. परत निघताना गाडी वळवायला गेलो आणि मागचं चाक ओल्या काळ्या मातीत बसलं. त्याच मालकानं बैलजोडी लावून ओढून काढलं, पैसे घेतले नाहीत. निघताना एका बैलानं गाडीच्या चाकापाशी ताजा पोवटा टाकला. पोरगी वाकून वाकून पाहत होती. यावेळी चाटला नाही.

रात्री घरी आल्यावर आईला गावी फोन लावला. सगळं सांगितलं, डायनासोर, शेण, धान, कॅनडा. ती शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "एवढ्या मोठ्या जनावराले तणस कोन पुरवन रे बापा?"